पडण्यासाठी उभे राहणारे

गेल्या वर्षी आमच्या वर्गात राज्यशास्त्राच्या तासाला मतदारांच्या वर्तनावर चर्चा चालू होती. एका मित्राने उठून सांगितले की, जो उमेदवार निवडून येणारच नाही हे साऱ्या तालुक्याला ठाऊक असते त्याला मत देणे म्हणजे मत विहिरीत टाकणे होय; आणि असा उमेदवार उभा राहतो तो एक तर वेडा असतो, नाही तर कोणाचे तरी पैसे खाऊन उभा असतो. वर्ग हसला. मीही हसले. पण हसता हसता मला घरची पत्र्याची पेटी आठवली, तिच्यातली लाल पुठ्ठ्याची वही आठवली आणि मी गप्प झाले. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या तासाला न दिलेले उत्तर आहे असे समजावे. कोणत्याही पक्षाचा प्रचार करण्याचा माझा हेतू नाही. आमच्याच घरात दोन पक्ष आहेत, त्यामुळे तशी सोयही नाही.

वही माझ्या आजोबांची आहे. आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात ते वर्षानुवर्षे मतदान केंद्रावर पोलिंग एजंट म्हणून बसत आले. आधी रिपब्लिकन पक्षाच्या एका गटाचे, मग भारिप-बहुजन महासंघाचे आणि अलीकडे वंचित बहुजन आघाडीचे. एजंटांनी कोणत्या क्रमाने बसावे याचा नियम आहे. मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्षांचे पहिले, त्यानंतर राज्यातल्या मान्यताप्राप्त पक्षांचे, त्यानंतर नुसत्या नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्षांचे. म्हणजे आबाजींची जागा बहुधा बाकाच्या टोकाला. पहाटे यंत्राची चाचणी असते, निदान पन्नास खोटी मते टाकून ती सर्वांसमोर मोजतात, त्या वेळेपासून ते हजर असतात. खिशात दोन रुपये असतात, कारण कोणी दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आला असा संशय आला तर आक्षेप घेण्याची अनामत दोन रुपये आहे. संध्याकाळी केंद्राध्यक्ष एकूण झालेल्या मतांचा हिशेब सही करून देतात, तो नमुना १७ सी घडी घालून वहीत जातो. मतदान यंत्रे आल्यापासून निकालात प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळतो. तोही वहीत जातो. कधी ऐंशी, कधी शंभराच्या थोडा वर. उमेदवार मात्र पडलेला.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे.

प्रथम एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपल्या देशात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत असे बंधन नाही. शंभर मतदारांच्या गावात एकाला अडतीस, दुसऱ्याला चौतीस आणि तिसऱ्याला अठ्ठावीस मते पडली, तर अडतीसवाला सगळ्या गावाचा प्रतिनिधी होतो आणि उरलेल्या बासष्टांच्या हाती काही लागत नाही. त्यामुळे तिसऱ्याच्या मतदाराला प्रत्येक वेळी मोह होतो की, आपला तर येत नाही, मग नको असलेल्याला पाडण्यासाठी दुसऱ्याला द्यावे. या पद्धतीत लहान पक्षाची मते अशी आपोआप गळत जातात. २०१९ च्या लोकसभेला महाराष्ट्रात वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम यांच्या युतीला मिळून सुमारे ४१ लाख मते पडली. राज्यातल्या एकूण मतांच्या ती साडेसात टक्क्यांच्या आसपास होती. मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत असती, तर ४८ पैकी तीन जागा तरी हिशेबाने आल्या असत्या. प्रत्यक्षात आली एक, तीही औरंगाबादला एमआयएमची. त्याच वर्षी विधानसभेला आमच्या शेजारच्या मूर्तिजापूरला वंचितच्या प्रतिभा अवचार दोन हजारांहूनही कमी मतांनी पडल्या, आणि राज्यभर सुमारे पंचवीस लाख मते मिळवून पक्षाच्या पदरात एकही आमदार पडला नाही.

आता याला वेडेपणा म्हणायचे तर त्या वेडाची सुरुवात फार मोठ्या माणसापासून करावी लागते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतून उभे होते. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे चौदा-पंधरा हजार मतांनी हरवले. फेडरेशनचे देशभरात दोनच खासदार निवडून आले, सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि करीमनगरहून एम. आर. कृष्णा. त्यानंतर बाबासाहेब राज्यसभेवर गेले. म्हणजे संसदेत बोलायला त्यांना जागा होती. तरीही १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली तेव्हा ते पुन्हा उभे राहिले, आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पुन्हा पडले. राज्यसभेची खुर्ची हाती असलेला माणूस विदर्भातल्या उन्हातान्हात प्रचार करीत का हिंडला? केवळ खासदारकीसाठी हिंडला असे मला तरी म्हणवत नाही.

भंडाऱ्याची एक आठवण आमच्याकडची जुनी माणसे अजून सांगतात. त्या काळी काही मतदारसंघ दुहेरी असत. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि मतदाराला दोन मते. कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच न देता कुजवावे, म्हणजे स्पर्धकाचा आकडा वाढणार नाही. बाबासाहेबांनी ते मानले नाही. घटना लिहिणाऱ्याने मत कुजवायला सांगायचे कसे, पडलो तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे होते असे सांगतात. आमच्या वर्गमित्राच्या तोंडी ‘विहिरीत टाकलेले मत’ हे शब्द आले तेव्हा मला हे ‘कुजवलेले मत’ आठवले. या दोन्हींत फरक आहे. कुजवलेले मत कोणाच्याच नावावर मोजले जात नाही. पडणाऱ्याला दिलेले मत मोजले जाते, छापले जाते आणि पाच वर्षे सरकारी कागदात राहते.

मोजले जाण्याला किंमत असते. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली तेव्हा फेडरेशनला तिच्यात जागा मिळाली. एका पडलेल्या पक्षाला एवढ्या पक्षांनी बरोबरीने का बसवून घ्यावे? माझ्या मते, १९५२ ला त्यांची मते सर्वांनी पाहिली होती म्हणून. १९५७ ला समितीच्या बळावर दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी.

इथे मला घरचे सांगावे लागते. आमच्याकडे दोन एकर जमीन आहे ती ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान. आबाजींच्या वडिलांनी ती त्या सत्याग्रहांच्या वाऱ्यात वाहायला सुरुवात केली. कितीदा तरी पीक उभे असताना ‘अतिक्रमण काढा’ म्हणून नोटीस आली. पुढे १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अशी अतिक्रमणे, काही अटींवर, नियमित करावीत. १४ एप्रिल ही तारीख कशी आली हे सांगायला नको. ते बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष होते. आता गंमत पाहा. ज्या पक्षाने तीस वर्षे ही मागणी धरून ठेवली, तो राज्यात कधी सत्तेवर आला नाही. निर्णय निघाला तेव्हा सरकार काँग्रेसचे होते आणि मुख्यमंत्री होते पुसदचे सुधाकरराव नाईक. मागणी एकाची, सही दुसऱ्याची.

असे इतरत्रही झालेले दिसते. अमेरिकेत समाजवादी पक्षातर्फे नॉर्मन थॉमस १९२८ पासून १९४८ पर्यंत सहा वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि सहाही वेळा पडले. त्यांच्या आधीचे युजीन डेब्स तर १९२० मध्ये तुरुंगात असताना उभे होते आणि त्यांना नऊ लाखांवर मते मिळाली. म्हाताऱ्यांना पेन्शन, बेकारांना विमा या त्यांच्या पक्षाच्या मागण्या. १९३५ मध्ये तसा कायदा झाला तो रूझवेल्टच्या हातून. पडणाऱ्याचा आकडा वाढू लागला की जिंकणारा त्याच्या जाहीरनाम्यातले एखादे कलम उचलतो. उचलताना आभार मानत नाही, हा भाग वेगळा.

आबाजींच्या हिशेबाने आमचे दोन एकर हे त्या उचललेल्या कलमाचे फळ आहे. बाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हिशेबाने ते फळ अजून पिकलेले नाही, कारण सातबारा आमच्या नावावर झालेला नाही. कागद कचेरीत फिरतोच आहे. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि अतिवृष्टीची भरपाई आली तरी आमचे नाव यादीत नाही. म्हणून बाबा मोठ्या पक्षाला मत देतात. ते उघड म्हणतात, “सातबारा कोण देईल? जो निवडून येईल तो. पडलेल्याचं कोणी आयकते का?” यावर आबाजी म्हणतात, “अन् त्या जमिनीवर पाय ठेवायची हिंमत तुले कोणं देल्ली? निवडून आलेल्यानं?” हे भांडण मी चौथीत असल्यापासून ऐकते आहे. दोघेही चूक नाहीत, म्हणूनच बहुधा ते मिटत नाही.

मोजले जाण्याचा दुसरा उपयोग चिन्हासाठी होतो, आणि हा मला कॉलेजात आल्यावर कळला. मान्यताप्राप्त पक्षाचे चिन्ह कायम राहते. आमच्या जुन्या वाशिम लोकसभा मतदारसंघातून १९८० आणि १९८४ ला जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद निवडून गेले. चिन्ह ओळखीचे असले की उमेदवार कुठला याची फारशी विचारपूस होत नाही. मान्यता नसलेल्या पक्षाला मात्र दर वेळी नवे चिन्ह मागून घ्यावे लागते. वंचितला २०१९ च्या लोकसभेला कपबशी मिळाली, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४ च्या लोकसभेला अकोल्यात प्रेशर कुकर आणि मग विधानसभेला पुन्हा सिलिंडर. दर वेळी आबाजी घरोघरी चित्र घेऊन जातात. आमची आजी एकदा म्हणाली, “या पक्षाचं समदं सैपाकघरातच हाये, मंग बाया काहून उभ्या करत नाहीत?” ही मान्यता मिळवण्याच्या वाटा बहुतेक जागा जिंकण्याच्या आहेत, पण २०११ पासून एक वाट अशीही झाली आहे की, एकही जागा आली नाही तरी राज्यात आठ टक्के मते मिळाली तर मान्यता मिळते. २०१९ च्या लोकसभेला वंचितची एकट्याची मते सात टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे आमच्या गावातली ती ऐंशी-शंभर मते मतदारसंघापुरती निरुपयोगी असली, तरी त्या आठ टक्क्यांच्या रांजणात प्रत्येक मत पडत असते.

तिसरी गोष्ट खालच्या निवडणुकांची. लोकसभेचा पराभव ही जिल्हा परिषदेची पेरणी असू शकते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होते, त्यामुळे ज्याला ‘अकोला पॅटर्न’ म्हणतात तो आमच्या घरचाच म्हणायचा. १९९० नंतरच्या काळात ॲड. प्रकाश आंबेडकरांनी बौद्धांबरोबर माळी, धनगर, बंजारा, आदिवासी अशा जातींतले उमेदवार पुढे केले. ज्यांना मोठ्या पक्षात तिकीट मिळत नव्हते, अशांना तिकीट दिले. किनवटच्या पोटनिवडणुकीत भीमराव केराम निवडून आले, मूर्तिजापूरहून मखराम पवार येऊन मंत्री झाले, २००९ ला अकोला पूर्वमधून हरिदास भदे आणि बाळापूरमधून बळीराम सिरस्कार आले. अकोला जिल्हा परिषदेत तर हा पक्ष सत्तेवर बसला, आणि जानेवारी २०२० च्या निवडणुकीतही वंचित तिथे सर्वांत मोठा पक्ष ठरला. स्वतः प्रकाश आंबेडकर मात्र १९९८ आणि १९९९ ला अकोल्याहून लोकसभेवर गेल्यानंतर २००४ पासून दर वेळी पडत आले. २०१९ ला त्यांना २ लाख ७८ हजार मते होती, २०२४ ला २ लाख ७६ हजार. पाच वर्षे गेली, समोरचा उमेदवार बदलला, युत्या-आघाड्यांची उलथापालथ झाली आणि हा आकडा जेमतेम दोन हजारांनी हलला. ही माणसे काही वाऱ्यावर मत देणारी नव्हेत. आपला उमेदवार पडू शकतो हे त्यांना माहीत असणारच.

कांशीराम यांनी तर याचे शास्त्रच करून ठेवले होते. ते पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि आंबेडकरी विचारांशी त्यांची गाठ महाराष्ट्रातच पडली. १४ एप्रिल १९८४ ला त्यांनी बहुजन समाज पक्ष काढला. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरवण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी लढायची, असे ते कार्यकर्त्यांना सांगत. १९८८ ला अलाहाबादच्या गाजलेल्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंगांविरुद्ध ते उभे राहिले आणि तिसरे आले. मायावती १९८४ ला कैराना, १९८५ ला बिजनौर, १९८७ ला हरिद्वार अशा तीन ठिकाणी पडल्या आणि १९८९ ला बिजनौरहूनच निवडून आल्या. १९९५ ला त्या मुख्यमंत्री झाल्या, २००७ ला स्वतःच्या बहुमताने. महाराष्ट्रात हा क्रम दुसऱ्या पायरीच्या पुढे फारसा सरकला नाही. का सरकला नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गटातटांचा इतिहास इथे उकरण्यात अर्थ नाही. एवढे मात्र सांगते की १९९८ ला रिपब्लिकन गट काँग्रेसबरोबर एकत्र लढले तेव्हा अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, अमरावतीहून रा. सु. गवई, चिमूरहून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईहून रामदास आठवले असे चौघे एकाच वेळी लोकसभेत गेले, आणि ते चित्र पुढे टिकले नाही. आबाजींच्या वहीत त्या वर्षीच्या पानावर लाल पेनने चौकट आहे. तशी चौकट पुन्हा कुठे नाही.

दुसरी पायरी, म्हणजे हरवण्याची, ही सर्वांत वादाची. २०१९ ला नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार मते होती. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे १ लाख ५८ हजारांनी पडले, तिथे प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार. ‘मते खाल्ली’ हा शब्द तेव्हा आमच्या एस.टी. स्टँडवरही ऐकू येत होता. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात अवघ्या ५३७ मतांचा फरक होता आणि राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजार मते पडली. नेडरच्या लोकांना पुढे कित्येक वर्षे हेच ऐकावे लागले. हा आरोप पूर्ण खोटा आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याला नकोच असलेला पक्ष आपल्या मताने येतो, हे दुःख खरे आहे, आणि आबाजींनाही ते बोचते. पण ‘खाल्ली’ या शब्दात असे गृहीत धरलेले असते की ती मते मुळात दुसऱ्याच्या ताटातली होती. कोणाच्या ताटात कोणी वाढून ठेवली होती?

आता माझ्या वर्गमित्राच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, कारण तोही सर्वस्वी चूक नव्हता. पैसे खाऊन उभे राहणारे असतात, आणि मुद्दाम उभे केलेले तर असतातच. २०१४ ला रायगडमध्ये राष्ट्रवादीचे सुनील तटकरे २,११० मतांनी पडले, आणि तिथे त्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांवर मते गेली होती. २०२४ ला साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसती पिपाणी यांच्या घोटाळ्यात असाच फरक पडल्याची चर्चा झाली; पिपाणीवाल्या अपक्षाला विजयाच्या फरकाहून जास्त मते होती. काही जण निव्वळ हौसेने उभे राहतात. ‘धरतीपकड’ म्हणून गाजलेले काका जोगिंदर सिंग तीनशेहून अधिक निवडणुका लढले. वेड, हौस आणि पैसा ही कारणे आहेतच. ती सर्वांना लावू नयेत एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि काही वेळा तर उमेदवारी हा केवळ अर्ज असतो, सरकारला दिलेला. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाभागातल्या मराठी माणसांनी आपल्या प्रश्नाकडे देशाचे लक्ष जावे म्हणून अर्जांचा पाऊस पाडला. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्याला पाण्यातल्या फ्लोराइडने हाडे वाकलेल्या लोकांच्या वतीने ४८० उमेदवार झाले. यांतल्या कोणालाही खासदार व्हायचे नव्हते. मतपत्रिका एवढी मोठी व्हावी की ती कुठल्या टेबलावर मावू नये, म्हणजे कोणी तरी विचारील की हे काय चालले आहे, एवढाच हेतू. सरकारने विचारले खरे, पण दुसरेच. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत पाचशेची दहा हजार केली आणि अपक्षाला दहा सूचक लावले. २०१० पासून ती पंचवीस हजार आहे, विधानसभेला दहा हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. स्वतंत्र विदर्भाचे मात्र याच्या उलट झाले. १९६२ ला वणीचे लोकनायक बापूजी अणे त्या मागणीवर नागपुरातून अपक्ष म्हणून निवडूनच आले, १९७१ ला जांबुवंतराव धोटेही आले. पुढे तीच मागणी घेऊन उभे राहणाऱ्यांच्या अनामती जाऊ लागल्या. मागणी मेली की मोठ्या पक्षांनी ती जाहीरनाम्यात घालून झोपवली, हे आमच्या सरांना विचारायचे राहिले आहे.

हे सारे वाचून झाल्यावर मी दिवाळीच्या सुट्टीत आबाजींना सरळ विचारले, “आबाजी, आपला माणूस येत नाही हे माहीत असून तुम्ही पहाटेपासून तिथं काहून बसता?” मला वाटले ते बाबासाहेबांचे नाव घेतील, किंवा आठ टक्क्यांचे काही सांगतील. ते म्हणाले, “माह्या बापाले त्या शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते. त्याच शाळेत बूथ राह्यते. मी त्या बाकावर बसतो, अन् गावातला पाटील असो का कोणी असो, माह्यासमोर बोटाले शाई लावून जाते. मी नाव पाह्यतो, यादीवर खूण करतो. येवढं काम हाये.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “अन् गिनती होते. आधी इलेक्शनच्या टायमाले आपल्या वस्तीत कोणी येत नव्हतं. आता समदे येतात. त्यायले माहीत हाये इथं किती हायेत ते.”

हे खरे आहे. गेल्या विधानसभेच्या वेळी सगळ्या मोठ्या उमेदवारांची माणसे आमच्या अंगणात येऊन बसली, चहा प्याली. बाबांनी एकाला जमिनीचा कागद दाखवला. त्याने मोबाइलवर फोटो काढून घेतला.

२३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. उमेदवार पडला. पुढे आमच्या केंद्राचा आकडा हाती आला तेव्हा आबाजींनी तो वहीत लिहिला, मग बराच वेळ बोटे मोजत बसले. त्यांनी मतदानाच्या दिवशी वस्तीतल्या घरांवरून अंदाज काढून ठेवला होता, त्याहून आकडा एकाने कमी होता. बाबा तिथेच बैलाचे दावे वळत होते. आबाजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, वही मिटली आणि पेटीत ठेवली. कोणी काही बोलले नाही.

आता माझेही नाव मतदारयादीत आले आहे. पुढच्या खेपेला बाकावर तू बस, असे आबाजी म्हणतात. त्यांना आता शाळेच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि यादीची बारीक अक्षरे दिसत नाहीत. बाबांचे म्हणणे आहे की बस खुशाल, पण मत विचार करून दे. वहीत पुढच्या निवडणुकीचे पान आबाजींनी आखून ठेवले आहे. दोन रुपयांचे नाणेही त्याच पानात आहे.